न झालेल्या शिबिरातली गैरहजेरी

२०१३ च्या मे महिन्यात सोयगावच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेच्या मैदानावर छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांचं शिबिर भरणार होतं. ते भरलं नाही. तंबू लागले नाहीत, चूल पेटली नाही, शिट्टी वाजली नाही. त्या उन्हाळ्यात त्या गावाला प्यायचं पाणीच टँकरनं येत होतं. गावाच्या तोंडचं पाणी काढून शिबिराला कोण देणार? शिबिर रद्द झालं, आणि ते बरोबरच झालं.

तर त्या न झालेल्या शिबिराला लेफ्टनंट रत्नमाला बारगळ गैरहजर होत्या, अशी नोंद सरकारी दफ्तरात झाली.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. रत्नमाला हसली नव्हती.

आम्ही दोघी शहरातल्या एकाच कॉलेजात शिकवतो. मी इतिहास, ती भूगोल. पण तिची खरी ओळख वर्गातली नाही, मैदानावरची. कॉलेजातल्या पोरापोरींना खाकी घालून कवायत, नकाशा आणि नेमबाजी शिकवणाऱ्या छात्रसेनेत शिक्षकांमधूनच अर्धवेळ अधिकारी निवडतात. त्यांना हुद्दा मिळतो, खांद्यावर तारे मिळतात. लेफ्टनंटला दोन, कॅप्टनला तीन. आमच्या स्टाफरूममध्ये काही जण याला 'सुट्टीतली फौज' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकानंही मे महिन्याच्या उन्हात पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेला नाही.

रत्नमाला दौलताबादजवळच्या एका वस्तीवरची. वडील कडूबा मेंढ्या राखायचे. पावसाळा सरला की कळप घेऊन ते आणि आई बानाबाई बाहेर पडायचे, ते मृग जवळ आल्यावरच परतायचे. पोरगी आजीजवळ राहून शाळा शिकली. छात्रसेनेत ती का गेली हे ती कुणालाही बिनदिक्कत सांगते. "परेड झाली की उकडलेली अंडी अन् केळी मिळायची. मी अंड्यासाठी गेले. देशसेवा नंतर सुचली." पहिल्याच शिबिरात शहरातल्या मुली जमिनीवर झोपायचं म्हणून रडत होत्या, आणि ही घोंगडी अंथरून घोरत पडली होती. तिथल्या अधिकारी बाईंनी ते पाहिलं आणि हिला सोडलं नाही. पुढं ती शिकली, प्राध्यापक झाली, शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या आदिनाथशी तिचं लग्न झालं, आणि लग्नानंतरच्या वर्षी तिनं प्रशिक्षण पुरं करून खांद्यावर दोन तारे लावले.

तिच्याबरोबर त्याच दिवशी इंद्रजीत औताडेला हुद्दा मिळाला. तो दुसऱ्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. घरची मोठी शेती. शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा वडील काकासाहेबांची बरीच जमीन तिकडं गेली, तरी उरली तीही थोडीथोडकी नाही. माणूस सरळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. प्रशिक्षणात रत्नमालाचे गुण जास्त होते, म्हणून ज्येष्ठतेच्या यादीत ती वर, तो खाली. एका ओळीचं अंतर. पण फौजेत त्या एका ओळीवर पुढचं सगळं ठरतं.

लेफ्टनंटचा कॅप्टन व्हायला दोन गोष्टी लागतात. ठरलेली वर्षं सेवा, आणि मधे एक उजळणी शिबिर. सोयगावचं ते हेच शिबिर.

त्या उन्हाळ्यात रत्नमाला गरोदर होती. बाळंतपण ऑगस्टमध्ये होतं. नाव नोंदवायला ती स्वतः छात्रसेनेच्या कचेरीत गेली. तिथल्या हेडक्लार्कनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"मॅडम, अशा अवस्थेत कशाला त्रास घेता? नाव काढून टाकू का?"

"नका काढू," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना विचारूनच आलेय. पळायचं असंल तिथं मी नसीन. बाकी सगळीकडं असीन."

त्यानं मान हलवली. तिला वाटलं, झालं. गुलमंडीच्या शिंप्याकडून तिनं खाकी शर्टाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून घेतल्या, बॅग भरली. मग फोन आला की पाण्यामुळं शिबिर रद्द. तिनं बॅग रिकामी केली. ऑगस्टमध्ये योगिनी झाली.

शिबिर रद्द झालं म्हणून अधिकाऱ्यांचं नुकसान होऊ नये, असा वरून आदेश आला. ज्यांनी नावं दिली होती त्या सगळ्यांनी शिबिर पुरं केलं असं धरायचं. दुष्काळ काही त्यांनी आणला नव्हता. आदेश शहाण्या माणसानं काढला होता. तो आमच्या कचेरीत पोचल्यावर हेडक्लार्कनं सगळ्या पुरुषांच्या नावांपुढं 'हजर' लिहिलं आणि रत्नमालाच्या नावापुढं 'गैरहजर, प्रसूती' लिहिलं. तिला कुणी विचारलं नाही. तिला कुणी कळवलंही नाही.

२०१५ मध्ये इंद्रजीतच्या खांद्यावर तिसरा तारा आला. रत्नमालाच्या खांद्यावर आला नाही. कचेरीत विचारलं की, "फाईल पुढं गेलीय, मॅडम, येईल," असं उत्तर मिळायचं. ती तशी तापट आहे. बसमध्ये कंडक्टरनं चुकीचं तिकीट दिलं तरी सोडत नाही. पण स्वतःच्या हुद्द्यासाठी भांडणं तिला लाजिरवाणं वाटत होतं. "मागून घेतलेला तारा काय लावायचा," म्हणायची. ती थांबली.

त्या थांबण्याची किंमत तिला त्याच हिवाळ्यात कळली. दिल्लीच्या संचलनासाठी आमच्या भागातून मुलींची तुकडी निवडली गेली. तिला तयार केलं रत्नमालानं. पहाटे मैदान, संध्याकाळी मैदान, सुट्टीच्या दिवशी दिवसभर मैदान. योगिनी तेव्हा अडीच वर्षांची होती. आदिनाथ पोरीला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचा. मात्र तुकडी दिल्लीला घेऊन जाणारी अधिकारी कॅप्टन हवी होती. रत्नमाला लेफ्टनंट. स्टेशनवर तिनं आपल्या मुली दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एका कॅप्टनबाईंच्या ताब्यात दिल्या. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्या डब्याच्या दारात उभ्या राहून विचारत होत्या, "यांच्यातल्या कुणाला कशाचं पथ्य आहे का?" रत्नमालानं सांगितलं. कुणाच्या टाचेला फोड येतात, कुणाला गाडी लागते, कोण रडते आणि कोण रडू दाबते. गाडी गेली. मी तिथं होते.

पुढं पुन्हा कोरडी वर्षं आली. शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं परवापर्यंत ज्वारी होती, तिथं इमारतींमागून इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीखाली पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी माणसं. शिबिरं पुन्हा पुढं ढकलली गेली. शेवटी २०१७ मध्ये उजळणी शिबिर झालं, यादीत नाव आलं म्हणून रत्नमालानं काही न विचारता ते पुरं केलं आणि ती कॅप्टन झाली. पत्रात तारीख २०१७ ची होती.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तारीख २०१७ ची, म्हणजे हे २०१३ चं शिबिर धरतच नाहीत. ती तडक माझ्याकडं आली. "चल. मला साक्षीदार पाहिजे."

कचेरीत तोच हेडक्लार्क. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"सर, माझ्या बढतीची तारीख चुकलीय. २०१५ ची पाहिजे."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "चुकली नाही. २०१३ च्या शिबिराला तुम्ही गैरहजर होता."

"कुठल्या शिबिराला?"

"सोयगावच्या."

"ते झालंच नाही."

"हां. ते झालं नाही."

"मग मी गैरहजर कशी?"

"तुमची डिलिव्हरी होती ना, मॅडम."

"डिलिव्हरी ऑगस्टात झाली. शिबिर मे महिन्यात होतं."

"होतं कुठं? रद्द झालं ना."

मला इथं हसू आलं. रत्नमालाची मूठ काउंटरवर होती, ती पांढरी पडली.

"सर, मी नीट विचारते. जे शिबिर झालं नाही, त्याला औताडे सर हजर कसे?"

"ते आलेच असते ना. गडीमाणूस. तुम्ही आला नसता."

"हे कोणी ठरवलं?"

"मॅडम, पोटुशी बाई मैदानात येते का कधी? मी तर तुमच्या भल्यासाठीच तसं लिहिलं. उगं चौकशी झाली असती, ही बाई अशा हालतीत हजर कशी म्हणून. अब सिस्टम में चढ़ गया, तो चढ़ गया."

एवढं बोलून तो चहा प्यायला उठला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या, पुष्कळ उद्धट माणसं पाहिली. हा माणूस उद्धट नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. आपण काही चूक केली असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं. एका बाईनं तोंडानं स्पष्ट सांगितलं होतं, मी येणार आहे. ते ऐकून त्यानं मान हलवली होती. आणि मग तिच्या शब्दापेक्षा तिच्या पोटाकडं पाहून निकाल दिला होता.

"लई झालं," रत्नमाला बाहेर आल्यावर म्हणाली. "आता नाय थांबायची मी."

तिनं अर्ज केला. उत्तर आलं की नोंद तपासली, नोंद बरोबर आहे. तिनं वरच्या कचेरीला लिहिलं. त्यांनी खालच्या कचेरीला विचारलं, आणि खालच्या कचेरीनं तेच उत्तर वर पाठवलं. ते फिरून तिच्याकडं आलं. मग एक नवं पत्र आलं. सदर शिबिर झालं नव्हतं, याचा पुरावा सादर करावा.

झालेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो. न झालेल्याचा कसा द्यायचा? रद्द झाल्याचा निरोप फोनवर आला होता. कचेरीत त्याचा आणि हजेरी धरायच्या त्या आदेशाचा कागद असणार, पण दोन्ही 'उपलब्ध नाहीत'. रत्नमालानं आदिनाथची गाडी काढली आणि मला घेऊन सोयगावची वाट धरली.

त्या गावात तेव्हाचे सरपंच सर्जेराव अजून होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिबिर?" ते म्हणाले. "बाई, त्या साली आमी गुरं छावणीला लावली व्हती. लग्नं पुढं ढकलली. शाळेच्या मैदानात टँकर उभा राहायचा अन् बाया हंडे घिऊन भांडायच्या. तिथं कुठलं शिबिर?"

"हे लिहून देता का?"

"देतो की. पर हे इचारतंय कोण?"

"सरकार."

सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "टँकर सरकारनंच पाठवला व्हता," ते म्हणाले. "त्याला ठावं नाय का?"

त्यांनी लिहून दिलं, सही केली. कचेरीचं उत्तर आलं, स्थानिक रहिवाशाचं निवेदन ग्राह्य धरता येत नाही.

आता एकच रस्ता उरला होता. इंद्रजीत. त्यानं लिहून द्यायचं की मीही त्या शिबिराला गेलो नव्हतो, कारण ते झालंच नाही. रत्नमाला त्याच्या घरी गेली. त्यानं नीट बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं सगळं खरं आहे," तो म्हणाला. "पण मी असं लिहून दिलं, आणि त्यांनी माझीच हजेरी काढून घेतली तर? आमची सगळ्यांची बढती त्या एका शब्दावर उभी आहे."

"तुमची हजेरी आदेशानं धरलेली आहे. ती कोण काढील?"

"त्यांनी तुमची काढलीच ना?"

रत्नमालानं चहा तसाच ठेवला. "मला तुमचं काही काढून घ्यायचं नाही, औताडे सर," ती दारात वळून म्हणाली. "माझं मला पाहिजे."

त्या हिवाळ्यात दोघांचं एकत्र शिबिर होतं. इंद्रजीत वरिष्ठ, ही त्याच्या हाताखाली. रोज सकाळी सगळ्या मुलांसमोर ती त्याच्यापुढं येऊन उभी राहायची आणि खणखणीत सॅल्यूट ठोकायची. इतका कडक, की मागं उभ्या असलेल्या पोरांचे खांदे आपोआप ताठ व्हायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंद्रजीत तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एवढं नका करू. मला अवघड होतं."

"हुद्दा आहे तुमचा. त्याला करते. तुम्हाला अवघड व्हायचं कारण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसाच सॅल्यूट.

तिचे अर्ज चालूच होते. २०१९ च्या पावसाळ्यात एके दिवशी प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये आले, हातात लिफाफा आणि पेढ्यांचा पुडा. "मॅडम, अभिनंदन! तारीख बदलून आली. २०१५!" सगळे उठले, टाळ्या वाजल्या. मी रत्नमालाकडं पाहिलं. तिनं कागद उघडला, वाचला, आणि पुन्हा वाचला. पेढ्याला हात लावला नाही. तिनं कागद माझ्याकडं दिला.

त्यात लिहिलं होतं की महिला अधिकाऱ्याची प्रसूतीविषयक अडचण विचारात घेऊन, विशेष बाब म्हणून, सहानुभूतीपूर्वक ही तारीख मंजूर करण्यात येत आहे.

"हे परत पाठवायचंय," रत्नमाला म्हणाली.

प्राचार्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. "मॅडम, तारीख तुम्हाला पाहिजे तीच आहे."

"तारीख हक्काची आहे. हे म्हणतात, दया केली. माझी अडचण काय होती? मी येणार होते. पाणी नव्हतं. अडचण दुष्काळाची होती अन् कागदावर लावली माझ्या बाळंतपणाला."

"अहो, शब्दांचं काय घेऊन बसलात?"

"सर, एका शब्दानंच माझी वर्षं खाल्ली."

ती उठून वर्गावर गेली. पेढे बाकीच्यांनी खाल्ले.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. आदिनाथ शिफ्टवरून आला होता. त्याला बातमी आधीच कळली होती. तो भला माणूस आहे, पण त्या दिवशी त्याचाही तोल गेला.

"दोन वर्षं झाली, घरात दुसरा विषय नाही. आता त्यांनी दिलं तर तू म्हणतेस, असं नको, तसं द्या. भीक म्हणून देऊ दे नाहीतर नजराणा म्हणून, तारीख तीच ना?"

बानाबाई गावाहून आलेल्या होत्या. त्यांनीही जावयाची बाजू घेतली. "घिऊन टाक, रतन. मोठ्या लोकान्ला कुटं चूक कबूल करता येती? तुझा बाप मेंढरं पाटलाच्या रानात बसवायचा, तवा बदल्यात मिळायच्या धान्याच्या शेर-पायलीवरून कितींदा फसला, पर दुसऱ्या साली त्याच रानात जायाचाच."

"म्हणून काय मी बी जायाचं?" रत्नमाला घरात तिची बोली बोलते. "आई, तू सांग. मला पोटात घिऊन तू कळपामागं चालली का नाय?"

"चालले की. बसून कोण खायाला देणार व्हतं?"

"मग तुला कुणी लिहिलं का, ही बाई चालली नाय म्हणून?"

मग रत्नमाला आदिनाथकडं वळली आणि आवाज खाली आणून बोलली, कारण योगिनी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. "हा कागद माझ्या सेवापुस्तकात जन्मभर राहणार. उद्या ही पोरगी मोठी होईल, वाचील. आईचा हुद्दा अडला तो माझ्या जन्मामुळं, असं तिला वाटंल. खोटं आहे ते. माझ्या लेकरानं माझं काही अडवलं नाही. ज्यानं अडवलं त्यानं तसं लिहावं."

आदिनाथनं कपाटातून कोरे कागद काढले. मग त्यानं विचारलं, "अर्ज इंग्रजीत लिहायचा का मराठीत?"

कागद परत गेला. कचेरीत खळबळ उडाली असणार, कारण महिन्याभरात सुनावणीला बोलावणं आलं. मंजूर झालेली बढती परत करणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. वर नवे कर्नल आले होते, बाहेरच्या राज्यातले, मराठी जेमतेम समजणारे. मी सोबत गेले. बाहेरच्या बाकावर इंद्रजीत बसलेला होता, पूर्ण गणवेशात. रत्नमालानं त्याला बोलावलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं नुसती मान हलवली.

कर्नलसाहेबांनी सुरुवातच वैतागून केली. "आपको डेट मिल गई. और क्या चाहिए?"

"कारण दुरुस्त व्हायला पाहिजे, सर," रत्नमाला म्हणाली, आणि मग तेच हिंदीत सांगितलं. "गलती मेरी नहीं थी. मेरी बेटी की भी नहीं थी."

साहेबांनी हेडक्लार्ककडं पाहिलं. तो म्हणाला, त्या शिबिराला येऊच शकल्या नसत्या, म्हणून तशी नोंद केली. सगळ्यांच्या भल्यासाठी.

तेव्हा इंद्रजीत उभा राहिला. "सर, मी पण त्या शिबिराला नव्हतो. आमच्यातलं कोणीच नव्हतं. तिथं प्यायला पाणी नव्हतं. माझ्या नावापुढं हजर लिहिलंय, ते आदेशानं लिहिलंय. तो आदेश बारगळ मॅडमना पण लागू होता. लागू करायचा नसेल तर मग माझाही हजर खोडा."

कर्नलसाहेबांनी हेडक्लार्कला विचारलं, "कॅम्प हुआ था?"

"नहीं, सर."

"किसी मेल ऑफिसर को ऐब्सेंट लिखा?"

"नहीं, सर."

"किसी से पूछा कि आओगे या नहीं?"

हेडक्लार्क फाईलची पानं उलटू लागला. साहेबांनी रत्नमालाला विचारलं, "आप से पूछा था?"

"मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, सर. मी येणार म्हणून."

साहेब चिडले, पण कुणावर हे मला नीट कळलं नाही. कदाचित आपली सकाळ वाया गेली म्हणून चिडले असतील. "ठीक है," एवढंच म्हणून त्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

बाहेर रत्नमाला इंद्रजीतला म्हणाली, "उशीर केलात."

"हो," तो म्हणाला. "केला."

आभार मानले नाहीत तिनं, आणि त्यानंही त्याची वाट पाहिली नाही.

मग महामारी आली आणि सगळ्या कचेऱ्यांना कुलपं लागली. आदेश आला तो २०२१ मध्ये. दोनच ओळी. २०१३ च्या शिबिराबाबतची गैरहजेरीची नोंद चुकीची होती, ती रद्द करण्यात येत आहे. बढतीची तारीख २०१५. सहानुभूती नव्हती, प्रसूती नव्हती, विशेष बाब नव्हती. माफीही नव्हती. नोंद कुणी केली, का केली, याबद्दल अक्षर नव्हतं. जणू ती नोंद आपसूक उगवली होती आणि आपसूक वाळून गेली. हेडक्लार्क तोवर निवृत्त झाला होता, शाल-श्रीफळ घेऊन, भाषणांसकट.

या वेळी रत्नमालानं पेढे स्वतः आणले. आदिनाथनं आदेशाची झेरॉक्स काढून आणली. बानाबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग ती दिल्ली?" दिल्ली गेली ती गेली. त्या मुलींची आता लग्नं झाली आहेत, एक पोलिसात आहे. त्यांच्या फोटोत मधोमध दुसरीच बाई उभी आहे आणि ती कायम तिथंच उभी राहणार.

"समाधान झालं का?" मी तिला विचारलं.

"आनंद झाला," ती म्हणाली. "राग नाही गेला. तो जायलाच पाहिजे असं कुठं आहे?"

मला वाटलं इथं हे संपलं. पण आमच्या छात्रसेनेच्या लोकांमध्ये बातमी फिरली, आणि एका दुपारी स्टाफरूममध्ये तिचा फोन वाजला. पलीकडून द्वारकाबाई नावाच्या एक बाई बोलत होत्या, जालन्याकडच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या. रत्नमालानं फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, त्याच शिबिराला मीही गैरहजर आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी काय गरोदर नव्हते, माझं वय झालेलं. आदल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की ही काही यायची नाही. मी नाव दिलं होतं हो. बॅगसुद्धा भरली होती. नंतर मला कळलं, तारा नाही मिळणार. मला वाटलं, माझ्यातच काही कमी असेल. मी लेफ्टनंट म्हणूनच निवृत्त झाले."

रत्नमालाच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. "तुम्ही कुणाला विचारलं नाही?"

"कुणाला विचारायचं? आणि काय म्हणून? मी आपली गप्प बसले. तुमचं ऐकलं अन् वाटलं, सांगावं कुणाला तरी. आता मला काही नको. आता त्या तारखेचं मी काय करू?"

"काय करायचं ते तुम्ही ठरवा," रत्नमाला म्हणाली. "पण आधी ती मिळायला पाहिजे. सोमवारी मोकळ्या आहात का?"

त्या सोमवारी द्वारकाबाई एसटीनं आल्या. पांढरे केस, हातात कापडी पिशवी, चालणं अजून ताठ. आम्ही तिघी मिळून कचेरीत गेलो. काउंटरवर नवा मुलगा होता, तोंडात सर-मॅडम, वागणं अदबीचं. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "पाहतो, मॅडम. पण ते शिबिर झालं नव्हतं याचा काही पुरावा आहे का?"

रत्नमालानं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"बस, बाळ," ती म्हणाली. "तुला पहिल्यापासून सांगते."